कान न कापलेले उंदीर

पांढऱ्या उंदराला तोंडावरून ओळखणारा आणि माणसाला मात्र दहादा ओळख करून देऊनही न ओळखणारा गृहस्थ उभ्या मराठवाड्यात एकच झाला असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्या संशोधन संस्थेतल्या प्राणीघराचे ते मामा. नाव हजेरीपटावर होतं, पण त्याबाहेर ते कधी पडलं नाही. संस्थेत सगळेच त्यांना मामा म्हणत, आणि मामा कुणालाच काही म्हणत नसत. संचालकांना त्यांनी सात वर्षं ‘ते चष्मेवाले’ म्हटलं. मधे संचालक बदलले. नव्यांना चष्मा नव्हता, तरी तेही चष्मेवालेच राहिले. पण एका रंगाच्या, एका वजनाच्या, एकाच घराण्यातल्या उंदरांच्या पिंजऱ्यापुढं हेच मामा उभे राहिले की म्हणायचे, “ही आज रुसलीय. ही कालच्या जाग्यावर बसंना. अन् ही तिसरी लबाड हाय, दुसरीचा दाणा वढती.” मी वाकून बघायची. मला तिथं फक्त उंदीर दिसायचे.

मी तिथं चित्रण विभाग सांभाळायची. माझं घराणं कारकुनांचं. आजोबा निजामाच्या कचेरीत लेखनिक होते, वडील जिल्हा परिषदेत. आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान सुवाच्य अक्षराला होता आणि खाडाखोड हे पाप समजलं जायचं. मामा फर्दापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातले धनगर. पोरवयात बापामागं मेंढरं राखली, पुढं कळप मोडला तेव्हा वाळूजला एका कारखान्यात रात्रपाळ्या केल्या आणि तिथून आमच्याकडं आले ते कायमचे. राहायला मात्र वाळूजलाच होते. सकाळी कुणाच्या तरी शिफ्टच्या बसमधून क्रांती चौकापर्यंत यायचे आणि पुढं चालत. माझ्याकडं लिहिण्याची विद्या आणि त्यांच्याकडं बघण्याची, अशी ही वाटणी होती. तेव्हा ती मला फारशी मान्य नव्हती.

त्या सुमारास आमच्याकडं एक नवं यंत्र आलं होतं. फ्रिजएवढं, पांढरं, समोर छोटंसं दार. माणसांचं सीटी स्कॅन असतं तसंच हे उंदरांचं. उंदराला गुंगीचा वायू द्यायचा, झोप लागली की चार बोटं रुंदीच्या पाळण्यावर निजवायचं आणि पाळणा आत सरकवायचा. पाव तासात त्याचं हाड न् हाड पडद्यावर उमटायचं, आतल्या बारीक जाळीसकट. मग उंदीर उठायचा, मिशा साफ करायचा आणि दाणे खायला जायचा. याआधी एखादं औषध हाडावर काय करतंय ते बघायचं तर दर थोड्या आठवड्यांनी चार-पाच उंदीर मारून उघडावे लागत, म्हणजे एका औषधापायी पन्नास-साठ जीव जात. आता तेच ते उंदीर पुन्हा पुन्हा बघता येणार होते. हे सगळं मी पाहुण्यांना तक्ते लावून अर्धा तास समजावत असे. मामा दोन वाक्यांत उरकायचे. “पयले कणीस भरलं का ते बघाया कणीस मोडायचे. आता पानं न सोलता दाणे दिसतेत.” पाहुणे मान डोलवायचे आणि उठायचे, माझे निम्मे तक्ते तसेच राहायचे. मला याचा राग यायचा. अजूनही येतो.

न उघडता बघायचं, हे मामांनी एवढं मनावर घेतलं होतं की ते प्राणीघरात मावेना. कॅन्टीनमध्ये टरबूज आलं की कापण्याआधी मामांपुढं ठेवावं लागे. ते कानाजवळ धरून दोन टिचक्या मारत आणि “कच्चं हाय, ऱ्हाऊ द्या” म्हणत, आणि आमची तोंडं उतरत. दुपारी टेबलावर झाकणबंद डबे मांडलेले असत तेव्हा हे लांबूनच सांगत की ताईंच्या डब्यात मेथी आहे आणि चष्मेवाल्यांच्या डब्यात आज काही नाही, घरी भांडण झालेलं दिसतंय. चष्मेवाल्यांनी डबा उघडला तर आत बिस्किटांचा पुडा. पण त्यांचा खरा दबदबा बसला तो टँकरवाल्यावर. ती वर्षं दुष्काळाची होती. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात; नळाला पाणी तेव्हाही आठवड्यानं यायचं. संस्थेत टँकर यायचा. एकदा मामांनी टँकरच्या पोटावर बोटाच्या पेरानं वरून खाली ठोकत नेलं, मधेच थांबले आणि तिथं खडूनं रेघ मारली. “पाणी इथवर. वरती नुसती हवा.” टँकरवाला तावातावानं म्हणाला, “मामू, खामखा इल्जाम नको. डोळ्यांनी आत बघितलं का?” मामा म्हणाले, “तेवढं तुम्ही बघा.” तो शिडीनं वर चढला, झाकण उघडलं, आत वाकून बराच वेळ तसाच राहिला आणि खाली येऊन गुपचूप माघारी गेला. तेव्हापासून आमच्याकडं भरलेला टँकर यायला लागला.

प्राणीघराचा थंडावा हा त्या उन्हाळ्यात संस्थेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेला विषय होता. बाहेर डांबर वितळायचं, मागच्या बाजूला जिथं पूर्वी ज्वारीचं रान होतं तिथं सहा-सहा मजले चढत होते आणि त्यांची धूळ खिडकीच्या फटींतून फायलींवर बसायची. आत उंदीर मात्र बारा महिने बेताच्या गारव्यात. हिशेब विभागातले लोक “उंदरांची तब्येत कशी आहे” अशी चौकशी करायला दिवसातून दोनदा येऊ लागले. मामांनी एकालाही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. “घामाचा वास लागतो त्याहिला. आंघोळ करून या.” नळाला पाणी नाही तर आंघोळ कुठून करणार? खुद्द संचालकांना त्यांनी दारात उभं करून पायाला दोन पिशव्या बांधायला लावल्या होत्या. स्वतः मामा एका तांब्यात हात-पाय-तोंड असं काही धुवायचे की तेवढ्या पाण्यात माझा चहाचा कपही निघाला नसता. एरवी कधी मनात आलं तर पाण्याच्या बाटल्या पिंजऱ्यांना अडकवताना म्हणायचे, “दहा-पंधरा जणींचं दिवसाचं पाणी एका पेल्यात बसतंय, ताई. ह्यांचं शहर असतं तर टँकर लागला नसता.”

आता त्यांच्या रजांबद्दल सांगते, कारण रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून जात. मामा एरवी रजा घेत नसत. ताप आला तरी यायचे, फक्त पिंजऱ्यांपासून लांब बसायचे. पण कुठलाही अभ्यास संपला की शेवटच्या दिवशी त्या अभ्यासातले उंदीर नियमाप्रमाणे मारावे लागतात, आणि नेमक्या त्या दिवशी मामांचा अर्ज टेबलावर असायचा. कारण: घरी लग्न. पहिल्या वर्षी मी तोंडभरून शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या वर्षी विचारलं, कुणाचं? म्हणाले, पुतणीचं. मग भाच्याचं, मग चुलत साडवाच्या पोराचं. पितृपक्षातही त्यांच्याकडं एक लग्न निघालं. मी हे सगळं ओळखून होते आणि मुकाट्यानं सही करत होते. दुसऱ्या दिवशी मामा यायचे, रिकामे पिंजरे धुवायचे आणि त्या दिवशी कुणाच्या डब्याबद्दल काही बोलायचे नाहीत.

अशात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. वयस्कर बायकांची हाडं विरळ होत जातात त्यावरच्या एका औषधाचा अभ्यास त्यांना करायचा होता, आणि दोन वर्षांची त्यांची सगळी मेहनत आणि पुढची पदवी त्यावर अवलंबून होती. सोळा माद्या घेतल्या. आठ जणींना औषध, आठ जणींना नुसतं पाणी, आणि दर तीन आठवड्यांनी प्रत्येकीचं चित्र. आता सोळातली कुठली कुठली हे कळायला खूण पाहिजे. ठरलेली रीत अशी की उंदराच्या कानाला बारीक चिमट्यानं खाच पाडायची. डॉक्टरीणबाईंनी चिमटा काढला आणि मामा आडवे आले. आवाज चढवला नाही, फक्त पिंजऱ्यावर हात ठेवला.

“न चिरता बघायचं म्हनून येवढं कपाट आणलं ना, मॅडम? मंग कान काहून चिरता?”

“मामा, क्षणभर दुखतं. मला ओळखता यायला नको का?”

“मह्या बापानं शेकड्यानं कोकरांचे कान कातरले. कान धरायला मला बसवायचा. कान कापला का वळख ऱ्हाती, हे खरं. पर कापणारानं मंग तोंडाकडं बघायचं सोडून दिलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “शेपटीवर पेनानं कडी काढू. पुसली का पुन्हा काढू. मह्या जिम्मेदारीवर.”

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, भिडस्त होत्या, मानल्या. तेव्हापासून एकीच्या शेपटीवर एक निळं कडं, दुसरीच्या दोन, अशी ती आठवड्यातून दोनदा नव्यानं काढायचं काम मामांचं झालं. मी नाक मुरडलं होतं. शाईची नोंद ही काय नोंद आहे?

त्यातच उन्हाळा कडक झाला आणि पिंजरे धुवायला पाणी पुरेना, म्हणून चार-चारच्या चार पिंजऱ्यांऐवजी आठ-आठचे दोन मोठे पिंजरे करायचा हुकूम निघाला. म्हणजे औषधवाल्या आणि बिनऔषधवाल्या एकत्र, आणि त्यांच्यातला फरक काय तो शेपटीवरच्या शाईत. याच वेळी मामांचा अर्ज आला. तीन दिवस रजा. कारण: घरी लग्न. मी चमकले, कारण कुठलाच अभ्यास संपत नव्हता. सोबत पत्रिकाही होती, हळदीचं बोट लावलेली. तीही मला बनावच वाटली, हे आता कबूल केलेलं बरं. मी म्हटलं, “मामा, या वेळी कुणाचं?” ते म्हणाले, “लेकीचं.” मी हसून सही केली. त्यांना ते हसू दिसलं असणार, कारण ते काहीतरी बोलायला थांबले होते आणि मग तसेच गेले.

रजेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पिंजऱ्याची चित्रं काढायची होती, या अभ्यासातली पहिलीच. ती मी काढली. यंत्राच्या पुस्तकात दाखवलं होतं तशा आठही जणींना एकेक करून निजवलं, चित्रावर क्रमांक घातले आणि गरम गादीवर डावीकडून उजवीकडं ओळीनं ठेवत गेले, तोंडाशी गुंगीच्या नळ्या लावून, एक ते आठ. दुपारचं औषध डॉक्टरीणबाई देऊन गेल्या होत्या. सगळं झाल्यावर माझं लक्ष शेपट्यांकडं गेलं. मामा नसल्यानं कडी फिसकटली होती. कुठं दोनाची अडीच दिसत होती, कुठं चारचा नुसता डाग. चार दिवसांनी बाहेरची तपासणी समिती यायची होती. मला ते बघवेना. आधी सगळं स्वच्छ पुसावं आणि मग सारख्या अंतरावर, सारख्या जाडीची, बघणाऱ्यानं बघत राहावं अशी कडी काढावी, असं मी ठरवलं. आमच्या वडिलांची शिकवणच होती, गिचमिडीवर लिहू नये, कोऱ्यावर लिहावं. स्पिरिटच्या बोळ्यानं आठही शेपट्या पुसल्या. पेनाचं टोपण काढलं आणि वीज गेली.

त्या खोलीला खिडकी नाही. गादी निवायला लागली. झोपेतल्या उंदराला गारठा सोसत नाही हे मामांनीच माझ्या डोक्यात भरलेलं, म्हणून मी अंधारात चाचपडत आठही जणींना पिंजऱ्यातल्या भुश्यात ठेवलं. आणि कसं ठेवलं? ओळीनं. एक ते आठ, डावीकडून उजवीकडं, कपाटात फायली लावाव्यात तसं. जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. दिवे आले तेव्हा ओळ नव्हती. आठही जणी एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या आणि आठही शेपट्या नुकत्या धुतल्यासारख्या गुलाबी होत्या. मी हातात उघडं पेन घेऊन उभी होते. शाळेत असताना फळा पुसून टाकून मग त्यावर काय होतं ते विचारणारी एक मुलगी आमच्या वर्गात होती. तिला मी फार हसले होते.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, खाली बसल्या. उद्या चारला पुढचं औषध. कुठलीला द्यायचं तेच माहीत नसेल तर साखळी तुटली. आठ जणी बाद म्हणजे अभ्यासच बाद, आणि बाद झालेले उंदीर नियमानं त्याच दिवशी मारायचे. दोन वर्षं आणि आठ जीव, आणि कारण माझं टापटिपीचं वेड. मग त्या म्हणाल्या, “मामा ओळखतील.” मी फोन केला. पलीकडं बँड वाजत होता. तो ऐकल्यावर मला जी लाज वाटली ती सांगण्यासारखी नाही. मुलीची पाठवणी नुकतीच झाली होती. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गारठल्या नाय ना?”

दुसऱ्या दिवशी अकराला मामा फर्दापूरहून एसटीनं येऊन हजर. अंगात नवा पांढरा शर्ट, त्याच्या बाहीवर हळद, डोळे तांबारलेले. गावाकडं मांडव अजून उतरवायचा होता आणि पाहुणे ओसरीवर बसवून आले होते. मी म्हटलं, “मामा, मला वाटलं होतं की...” ते म्हणाले, “ठावं हाय मला. पान्याचा तांब्या कुठं हाय?” हात धुतले, तळवे चोळून ऊन केले आणि पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले. पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग एकेकीला तळहातावर घेऊन सांगत गेले. “ही दोन नंबर. ही सहा. ही आठ, हिला घाई लई. ही चार. ही सात.” त्यांच्या बोलण्याप्रमाणे एकेक जण वेगळ्या डब्यात गेली. अडखळले कुठं नाहीत.

पण ‘मामा म्हणतात’ असं प्रबंधात लिहिता येत नाही. पुरावा पाहिजे. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात आलं की कालची क्रमांक घातलेली चित्रं आहेत. आज पुन्हा प्रत्येकीचं चित्र काढलं तर हाडांवरून जुळवता येईल. दोन दिवसांत दोनदा यंत्रात घालणं बरं नव्हे, पण इलाज नव्हता. मामांनी एकेकीला पाळण्यावर निजवलं, मी चित्रं काढली आणि आम्ही दोघी कालची आणि आजची शेजारी ठेवून बघायला बसलो. उंदरांची हाडंसुद्धा एकसारखी नसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एकीच्या शेपटीचा मणका वाकडा, एकीचे पाठीचे दोन मणके चिकटलेले, एकीच्या छातीच्या मधल्या हाडाला बारीक भोक. सहा जणी मामांनी सांगितल्या तशा तंतोतंत जुळल्या. राहिल्या चार आणि सात. त्या दोघींना एका बाजूला एक छोटी बरगडी जास्तीची होती, एकीला डावीकडं आणि एकीला उजवीकडं. कालच्या चित्रात चार नंबरला ती डावीकडं दिसत होती. मामांनी जिला चार म्हटलं, तिला आजच्या चित्रात ती उजवीकडं होती.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “मामा, या दोघींत तुमची गफलत झाली. आठात सहा म्हणजे पुष्कळच झालं.”

“नाय,” मामा म्हणाले. “हीच चार. दाणा धरताना आधी डावा हात उचलती.”

“पण चित्र खोटं बोलत नाही हो.”

“चित्राला कशाला खोटं म्हनू? चित्र काढनारालाच इचारतो.” ते माझ्याकडं वळले. “ताई, काल निजवल्या कशा होत्या?”

मला प्रश्नच कळला नाही. मामा समजावून सांगायला लागले, पोराला सांगावं तसं. ते स्वतः उंदराला कायम पालथं निजवत. उताणं निजवलं की जनावराला धाक बसतो, झोपेतसुद्धा. आजही पालथंच निजवलं होतं. आणि पालथ्याचं उताणं झालं की पडद्यावर डाव्याचं उजवं होतं. मी नोंदवही उघडली. ‘निजवण्याची पद्धत’ हा रकाना मामा कधी भरत नसत, मी मात्र काल भरला होता. आठ ओळी, आठही वेळा, एकाही वेलांटीची चूक नाही: उताणी, उताणी, उताणी. बाकी सहा जणींच्या खुणा मधोमध होत्या म्हणून जुळल्या. या दोघींच्या बाजूला होत्या म्हणून उलटल्या. पुस्तकात बघून निजवणारी मी, आणि तीही अठरा वर्षं चित्रणाच्या कामात. मी चित्र फिरवून घेतलं आणि चार ही चार झाली, सात ही सात. मी म्हटलं, “मामा, दोन्ही वेळा मीच चुकले.” ते म्हणाले, “व्हय,” आणि पेन मागून घेतलं. मग एकेका शेपटीवर कडी काढली, वाकडीतिकडी, जाडीभरडी. मी पेनाचं टोपण धरून उभी राहिले. चारचं औषध चारला गेलं आणि साडेचारच्या एसटीनं मामा लेकीचा मांडव उतरवायला गेले.

पुढं तीन महिन्यांनी अभ्यास संपत आला. शेवटी तरी उंदीर उघडून, प्रत्यक्ष हाड हातात घेऊन चित्राशी ताडून बघावंच लागतं, त्याशिवाय चित्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टरीणबाईंनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला लिहिलं की सोळाही उघडायची गरज नाही. बारा जणींची हाडं चित्रांशी जुळली तर उरलेल्या चार जणींना आयुष्यभर ठेवून नुसती चित्रं काढू. समितीनं कुरकुरत परवानगी दिली. चिठ्ठ्या टाकल्या. चार नंबर राहिली, सात नंबर गेली. आदल्या दिवशी मी मामांच्या अर्जाची वाट बघत बसले होते. सहीचं पेनही काढून ठेवलं होतं. अर्ज आला नाही. सकाळी मामाच आले, हात धुऊन, तळवे चोळून.

मी म्हटलं, “मामा, घरी लग्न नाही का?”

“वळख मीच दिली ना ताई त्याहिची. आता तोंड चुकवून कसं चालंल?”

बाराही जणींना त्यांनी आपल्या हातानं आणलं आणि देताना प्रत्येकीचा नंबर सांगितला. मी लिहून घेतला. सात नंबरच्या वेळी त्यांना थोडा वेळ लागला, आणि मला अक्षर नीट काढायला जमलं नाही. बाराही जणींची हाडं चित्रांशी जुळली. डॉक्टरीणबाईंना पदवी मिळाली. त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा मामांनी पेढ्याचा पुडा हातात घेऊन, न उघडता, “खवा ताजा हाय” असं सांगितलं आणि विचारलं, “मंग पुढच्या टायमाला कमी उघडायच्या ना?” त्या म्हणाल्या, “कमीच, मामा.” “किती कमी?” त्यांनी मामांच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.

चार नंबर त्यानंतर वर्षभर जगली, म्हणजे उंदराच्या मानानं चांगली पिकली. तिची पाठ वाकली, केस विरळ झाले, चित्रात हाडंही विरळ होत गेलेली दिसत होती. मामाही निवृत्तीला आले होते. पिंजऱ्यापुढं दोघं बसलेले दिसायचे आणि मी काम नसताना तिथून जायची. मला आता ती तोंडावरून ओळखू यायला लागली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी ती भुश्यात निजलेली होती ती उठली नाही. मामांनी तिला तळहातावर घेऊन आणली. डॉक्टरीणबाई तेव्हा आमच्याकडंच नोकरीला लागल्या होत्या. मामांनी विचारलं, “उघडायचं?” त्या म्हणाल्या, “कशाला? हिच्या आतलं सगळं माहीत आहे आपल्याला.” मामांनी मान हलवली.

मी नोंदवही काढली. मरणाच्या कारणाचा रकाना आहे. माझ्या आधीपासून, पहिल्या पानापासून, तिथं एकच शब्द एकाखाली एक लिहिलेला: अभ्याससमाप्ती. मी नवीन ओळीवर, जेवढं चांगलं काढता येईल तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: म्हातारपण. मामा म्हणाले, “काय लिवलं, वाचा.” मी वाचलं. ते म्हणाले, “पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशीच्या रजेचा त्यांचा अर्ज संध्याकाळी टेबलावर आला. कारण: घरी लग्न. मी कुणाचं ते विचारलं नाही. सही केली, आणि खाली, नियमात बसत नसताना, ‘शुभेच्छा’ असं लिहिलं.